‘पंच’चं कूळ कसं काढायचं: इंग्रजी शब्दाचा माग घ्यायची टूलरूमवाल्याची पद्धत

माझा धंदा डाय-पंचचा, म्हणजे पत्रा कापायच्या, भोकं पाडायच्या साच्यांच्या जोड्या करायचा: वरून दाबतो तो पंच, खाली असते ती डाय. उद्यमनगरात छोटं टूलरूम आहे; जुनं मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर, ट्रायल काढायला एक पॉवर प्रेस आणि हाताखाली पोरं. इंग्रजी मी शाळेत कमी आणि ड्रॉइंगवरून जास्त शिकलो. त्यामुळं शब्दाकडं बघायची माझी सवय फिटरची आहे. हा कुठं बसतो, कशावर दाबतो आणि कुठून काढून आणलाय, एवढंच मी बघतो.

भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या वहीत अर्थ एकाखाली एक लिहिलेले असतात. पंच म्हणजे ठोसा. पंच म्हणजे भोक पाडणं. पंच म्हणजे एक पेय. पंच म्हणजे जोम. पंच म्हणजे एका बाहुलीचं नाव. “मामा, एका शब्दाला इतके अर्थ असले तर पाठ तरी कसं करायचं?” मी म्हटलं, पाठ करूच नको. एवढ्या अर्थांत मूळची घराणी किती ते शोध. घराणी दोन-तीनच निघतात, आणि एका घरातले अर्थ एकमेकांना ओढून आणतात. ते शोधायचं कसं, ते ‘पंच’ हाच शब्द धरून सांगतो. शब्द आमच्या धंद्यातला आहे आणि कोल्हापुरात तो पावलोपावली भेटतो.

आधी कान, मग कोश

कोश लगेच उघडू नका. एक कोरा कागद घ्या आणि तो शब्द आपल्या गावात कोणाच्या तोंडी, कशासाठी येतो ते लिहून काढा. अर्थ लिहू नका, अख्खं वाक्य लिहा. अर्थ आपल्याला आधीच ठाऊक आहे असं वाटत असतं आणि तिथंच घोळ होतो.

माझा कागद असा झाला. टूलरूममध्ये: “सेंटर पंच दे रे, मार्किंग झालंय.” शिरोली एमआयडीसीत गेटवर: “पंच मारलास का? नाहीतर हाफ डे पडंल.” तिथं आता बोट नाहीतर चेहरा लावतात, तरी मारायचा तो पंचच. सीएच्या ऑफिसात: “कागद पंच करून फायलीला लाव.” शाहू स्टेडियमवर: “गोलीनं बॉल पंच केला, धरायचा होता की!” गॅदरिंगला: “डायलॉग बरा होता, पण पंच न्हाई.” लग्नाच्या रिसेप्शनला दारातच हातात देतात ते फ्रूट पंच. रस्त्यावर टाटांची पंच गाडी.

आणि दुसरीकडं आपला पंच. खासबागेत कुस्ती सोडवणारा पंच. पोलिसांनी केलेला पंचनामा, त्यावर सही करणारे पंच. सरपंच. अंबाबाईच्या देवळातलं पंचामृत. घाटावरून वाहणारी पंचगंगा.

हा दुसरा गट वेगळ्या कागदावर लिहा. दिसायला आणि ऐकायला सारखा आहे म्हणून एकाच कागदावर घेतला की पुढं सगळी गुंतागुंत होते. जिल्ह्यात गावोगाव पाटील आहेत. म्हणून सगळे पाटील काही भाऊबंद होत नाहीत. शाहू स्टेडियमवर तर एका वाक्यात दोन्ही घराणी येतात: “गोलीनं बॉल पंच केला आणि पंचांनी फाउल दिला.”

कागद भरला की प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलीनं लिहा की तिथं प्रत्यक्षात काय घडतं. कशाचं टोक कशात घुसतं? कोण कोणाला ढकलतं? टूलरूमचा पंच पत्र्यात घुसतो, ऑफिसातला कागदात. गोलीची मूठ बॉलवर आदळते. डायलॉगचा पंच काळजात नाहीतर डोक्यात बसतो. हजेरीचा पंच, पूर्वी कार्डावर वेळेचा ठसा उठायचा तिथून आला. हे सगळे एका बाजूला जातात. फ्रूट पंच मात्र कुठंच घुसत नाही आणि काही टोचत नाही. अशा उरलेल्या वाक्याभोवती गोल करा. पुढची खरी मजा तिथंच असते.

माथ्यावरचा बारका आकडा

आता कोश. इंग्रजी शब्दांच्या मुळांसाठी ऑनलाइन एटिमॉलजी डिक्शनरी फुकट आहे आणि मोबाइलवर उघडते. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश सगळ्यांचा बाप. त्याचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि काम पुरं व्हायला 1928 उजाडलं. तो बघायचा तर विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात किंवा अशाच मोठ्या ठिकाणी चौकशी करा. शाळकरी कोश मुळं शोधायला उपयोगी नाही. त्यात अर्थ असतात, तारखा नसतात.

कोशात शब्द सापडला की अर्थ वाचायच्या आधी शब्दाच्या माथ्यावर बारका आकडा आहे का बघा. बहुतेक जण हा आकडा बघतच नाहीत. एकच स्पेलिंग दोन-तीनदा वेगवेगळ्या नोंदी करून दिलं असेल आणि त्यांवर एक, दोन, तीन असे आकडे असतील, तर कोशकाराच्या मते ते वेगवेगळे शब्द आहेत. फिरता फिरता एकाच कपड्यात आलेत इतकंच. नोंदीच्या पोटातले आकडे निराळे. ते एकाच शब्दाच्या फांद्या दाखवतात.

‘पंच’च्या बाबतीत ढोबळमानानं तीन खोडं निघतात. एक हत्यार आणि ठोसा यांचं. दुसरं पेयाचं. तिसरं बाहुलीचं. कोशागणिक मांडणी थोडी इकडंतिकडं होते, काही कोश हत्यार आणि ठोसा वेगळे लावतात, पण शेवटी दोघांना एकाच मुळाशी नेतात.

टोच्याचं घराणं

पहिलं खोड आमच्या घरचं, म्हणून जरा रेंगाळतो.

लॅटिनमध्ये ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणं. टोचलेलं ते ‘पुंक्तुस’. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये टोकदार हत्याराला ‘पोंशों’ म्हणू लागले. तो शब्द इंग्रजीत ‘पंचन’ झाला आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस शेपूट तुटून नुसता ‘पंच’ राहिला. त्याच सुमाराला क्रियापदही दिसतं, पण त्याचा अर्थ ठोसा नव्हे. काठीच्या टोकानं ढोसणं, गुरं हाकणं असा होता. अमेरिकेत गुराख्याला ‘काउपंचर’ म्हणतात ते याच अर्थानं. मुठीनं मारणं हा अर्थ त्यानंतर शे-सव्वाशे वर्षांनी, सोळाव्या शतकात आला. म्हणजे आधी टोचणं, मग ढोसणं, मग गुद्दा. बॉक्सिंग बघून वाढलेल्या माणसाला हा क्रम उलटा वाटतो.

क्रम का महत्त्वाचा ते सेंटर पंचवर बघा. जॉबवर, म्हणजे हातातल्या कामाच्या तुकड्यावर, स्क्राइबरनं, म्हणजे अणकुचीदार सळीनं, दोन रेघा मारल्या की त्या जिथं छेदतात तिथं ड्रिल लावायचं असतं. पण ड्रिलचं टोक गुळगुळीत पत्र्यावर ठरत नाही, चळतं. म्हणून आधी डॉट पंच हलकेच टेकवायचा. त्याचं टोक बारीक, साधारण 60 अंशाचं. खूण बरोबर छेदावर बसली का ते डोळ्यानं दिसतं. मग सेंटर पंच, 90 अंशाचा, सरळ उभा धरून त्यावर हातोडीचा एकच घाव. दोनदा मारला तर दुसरा घाव शेजारी बसतो आणि खळगा लांबोळा होतो. या कामात हत्याराचा मुख्य भाग टोक. घाव त्या टोकाला आत घालतो. शब्दानंही हाच प्रवास केला. टोकापासून निघाला आणि घावापर्यंत पोचला.

या मुळाची इतर पोरं शोधा, कारण शब्द लक्षात राहतो तो नातेवाइकांमुळं. हायवेला दर दोन मैलांवर टायर टांगून ‘पंक्चर’ लिहिलेलं असतं. तो पंचचा सख्खा चुलतभाऊ. ‘पॉइंट’ म्हणजे टोचून केलेला ठिपका. ‘पंक्च्युएशन’ म्हणजे वाक्यात दिलेले ठिपके-टिंबं. ‘पंक्च्युअल’ माणूस ठरल्या टिंबावर हजर. ‘ॲक्युपंक्चर’मध्ये लॅटिन ‘आकुस’, म्हणजे सुई, पुढं जोडली आहे. आणि ‘पंजंट’, नाकाला झोंबणारं. तांबडा रस्सा पहिल्यांदा ओरपलेल्या पुण्याच्या पाहुण्याला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. भाचीनं हे सहा शब्द एका ओळीत लिहिले आणि प्रत्येकात टोचणं कुठं लपलंय ते शेजारी खरडलं. तिला पुन्हा पाठ करावे लागले नाहीत.

फ्रेंच लोक अजून ‘प्वँसों’ म्हणतात. हत्यारालाही आणि सोन्याचांदीवर उमटवायच्या हॉलमार्कच्या शिक्क्यालाही. हुपरीच्या चांदीवाल्यांना हे लगेच पटेल. ठसा मारायचं हत्यार आणि उमटलेला ठसा, दोन्हीला एकच नाव.

थोडं आडवाटेला जातो. माझ्याकडं लेटर पंचचा एक डबा आहे, पार्टवर नंबर मारायला. पंचावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. मारलं की सुलटं उमटतं. छापखान्याचे खिळे असेच जन्माला येत. पोलादी पंचावर अक्षर उलटं कोरायचं, पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा, तिथं सुलटा खळगा मिळतो, त्यात शिसं ओतलं की खिळा पुन्हा उलटा, आणि कागदावर शेवटी सुलटं अक्षर. बंगालात पंचानन कर्मकार नावाच्या कारागिरानं 1778 च्या सुमाराला विल्किन्ससाहेबाबरोबर बंगाली अक्षरांचे पंच कोरले, पुढं श्रीरामपूरच्या छापखान्यात देवनागरीचे. त्याच छापखान्यातून 1805 मध्ये विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण देवनागरीत छापून निघालं. पंच कोरणाऱ्याचं नाव पंचानन, हा निव्वळ योगायोग. त्याच्या नावातला पंच पाच तोंडांच्या शंकराचा. असे योगायोग भेटले की हसावं आणि पुढं जावं, नातं जोडू नये.

डायलॉगचा ‘पंचलाइन’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घडला, ठोशाच्या अर्थावरून. भोक पाडलेली ‘पंच कार्डं’ त्याआधीची. हॉलरिथनं 1890 च्या अमेरिकी जनगणनेत माणसं मोजली ती अशाच कार्डांवर. हे सगळं एकाच खोडाचं. इथं फार थांबायची गरज नाही.

पेयाचा पंच: इथं खरी परीक्षा

गोल केलेलं वाक्य आता घ्या. रिसेप्शनचं फ्रूट पंच.

याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पंच हे पाच जिनसांचं पेय: दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला. पाच म्हणून पंच. इंग्रजांनी शब्द आपल्याकडून उचलला. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर त्यापुढं जातो आणि त्यात पंचामृतही घुसडतो. गोष्ट गोड आहे. गोड गोष्ट आली की मी ती जॉबसारखी तपासून घेतो, आणि तुम्हीही घ्या. तपासायला गेज, म्हणजे माप बरोबर बसतं का ते बघायची साधनं, चार.

पहिलं गेज तारखेचं. इंग्रजीत हा शब्द पहिल्यांदा लिहिलेला कधी सापडतो? 1632 मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात. त्याआधी इंग्रजांचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आला होता का? आला होता. सुरतेची वखार 1613 च्या सुमाराची. म्हणजे शब्द उचलायला वीसेक वर्षं मिळाली. तारीख बसते. शब्द जर 1500 सालच्या इंग्रजी कागदात सापडला असता तर गोष्ट तिथंच कापली गेली असती.

दुसरं गेज वाटेचं. शब्द कोणाच्या तोंडून कोणाच्या कानात गेला हे दाखवता यायला हवं. इथं ते दाखवता येतं. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1670 च्या दशकात सुरत, मुंबई या पट्ट्यात होता, जुन्नरपर्यंत जाऊन आला होता. म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्याच काळातला माणूस. त्याचं पुस्तक 1698 मध्ये छापलं गेलं. त्यात तो लिहितो की या किनाऱ्यावरचे इंग्रज गोव्याकडच्या दारूपासून ‘पाँच’ नावाचं अशक्तपणा आणणारं पेय करतात, हिंदुस्तानी भाषेत त्याचा अर्थ पाच, कारण त्यात पाच जिनसा असतात. म्हणजे ही गोष्ट काल कोणी रचलेली नाही. सव्वातीनशे वर्षं छापील कागदावर आहे. पण नीट बघा, फ्रायर 1632 नंतर चाळीसेक वर्षांनी सांगतोय. त्याला शब्द तयार मिळाला होता आणि त्यानं अर्थ लावला. लावलेला अर्थ बरोबर असू शकतो. तरी तो साक्षीदाराचा जबाब झाला, पंचनामा नव्हे.

तिसरं गेज जिनसांचं. म्हणजे शब्दात जे आहे ते वस्तूत आहे का? जर्मन प्रवासी मांडेल्सलो 1638 मध्ये सुरतेला होता. त्यानं इंग्रजांच्या ‘पालेपुंत्स’ची नोंद केली आहे. हा ‘बोल ऑफ पंच’चा, म्हणजे वाडगाभर पंचचा, त्याच्या कानाला लागलेला उच्चार. त्यातल्या जिनसा: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मोजा. चार. जुन्या वर्णनांत कुठं तीन, कुठं सहाही भेटतात. इथं गेज थोडं अडकतं.

चौथं गेज उच्चाराचं, आणि हे सगळ्यात नाजूक. आज इंग्रज ‘पंच’ म्हणतो तो आपल्या ‘पंच’ला अगदी चिकटतो. पण सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीतला हा ‘यू’ अजून ‘पुट’मधल्यासारखा, ‘पुंच’कडं झुकणारा होता. मांडेल्सलोच्या ‘पुंत्स’मध्ये तो ऐकू येतो. आपला ‘पंच’ किंवा ‘पाच’ त्यांनी ‘पुंच’ का केला असेल, याचं सरळ उत्तर मिळत नाही. म्हणून काही जाणकार दुसरी वाट सुचवतात: ‘पंचन’ नावाचं दारूचं मोठं पिंप असतं, खलाशांनी त्याचं नाव तोडून पेयाला दिलं असावं. त्यालाही पक्का कागद नाही.

मग शब्दाच्या कार्डावर (ते कसं भरायचं ते शेवटी सांगतो) काय लिहायचं? मी प्रत्येक व्युत्पत्तीला तीनपैकी एक शिक्का मारतो: ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘नुसती गोष्ट’. हत्यार-ठोशाच्या पंचाला नक्की. पेयाच्या पंचाला बहुधा. तारीख आणि वाट बसते, जिनसा आणि उच्चार पूर्ण बसत नाहीत. पंचामृताच्या जोडणीला नुसती गोष्ट. ‘बहुधा’ लिहायला आपल्याकडं लोकांना जड जातं. इंग्रजीतला अर्धा कोश संस्कृतातून गेला असं ठोकून देणारे खूप भेटतात. त्यांना तारीख विचारली की विषय बदलतात. पुरावा जेवढा आहे तेवढ्यावर जरी थांबलं तरी आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट कमी रंगतदार होत नाही.

बाहुलीवाला पंच

हे खोड कोल्हापुरात ऐकू येत नाही, पण भाचीच्या पुस्तकात ‘ॲज प्लीज्ड ॲज पंच’ हा वाक्प्रचार आहे. त्यातला पंच म्हणजे इंग्रजांच्या कळसूत्री खेळातला बाकदार नाकाचा, कुबड असलेला, बायकोला आणि शिपायाला बडवून खूश होणारा बाहुला. हातात दंडुका आहे, बडवतोय, म्हणजे ठोशावरून नाव असणार, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. इटलीतल्या नेपल्सच्या नाटकातलं पात्र पुल्चिनेल्ला. त्याचं इंग्रजीत पंचिनेलो आणि मग पंच. सॅम्युअल पेप्स या इंग्रज अधिकाऱ्यानं लंडनमध्ये असा इटालियन खेळ 9 मे 1662 ला पाहिल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. पुल्चिनेल्ला हे नाव बहुधा कोंबडीच्या पिल्लाच्या शब्दावरून, नाक चोचीसारखं म्हणून. त्याचं मूळ लॅटिन ‘पुल्लुस’, आणि त्याच मुळातून फ्रेंचच्या वाटेनं इंग्रजीत ‘पोल्ट्री’ आलं. म्हणजे हा पंच आमच्या सेंटर पंचचा कोणी लागत नाही, पोल्ट्रीवाल्यांचा पाव्हणा आहे.

पेप्सच 1669 मध्ये लिहितो की जाड आणि बुटक्या कशालाही आता लोक सर्रास पंच म्हणतात. इंग्लंडात सफोक पंच नावाची ओझं ओढणारी, आखूड पायांची, गुबगुबीत घोड्यांची जात आहे, तिचं नाव बहुधा याच वाटेचं.

पुढं 1841 मध्ये लंडनला याच बाहुल्याच्या नावानं विनोदी साप्ताहिक निघालं. विनोदी चित्राला ‘कार्टून’ म्हणायची चाल त्यानंच 1843 मध्ये पाडली. आधी कार्टून म्हणजे चित्रकाराचा जाड कागदावरचा मोठा कच्चा आराखडा. मुंबईत ‘हिंदी पंच’ आणि लखनौला ‘अवध पंच’ त्याच धर्तीवर निघाले. लंडनच्या त्या अंकाच्या पहिल्या संपादकांपैकी एकाचं नाव मार्क लेमन. त्यावरून ‘लेमनशिवाय पंच कसला’ अशी कोटी झाली असं सांगतात. कूळ काढताना अशा कोट्यांपासून जपून राहा. माणसं मुद्दाम दोन खोडं एकमेकांत गुंतवतात, आणि शंभर वर्षांनी कोणीतरी तीच कोटी व्युत्पत्ती म्हणून लिहितो.

आता आपला पंच

बाजूला ठेवलेला दुसरा कागद घ्या. यासाठी कोश मराठीच हवेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती 1857, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. कृ. पां. कुलकर्ण्यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ 1946 चा. आणि फारसी शब्दांसाठी माधव जूलियन यांचा 1925 चा ‘फार्शी-मराठी कोश’. जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, पुढं आपल्याच राजाराम कॉलेजात शिकवायला होते. जुनी पुस्तकं चाळायची तर करवीर नगर वाचन मंदिर आहे, 1850 पासूनचं.

इथला पंच म्हणजे संस्कृत पाच. निवाड्याला बसणारी पाच माणसं ती पंच. पुढं माणूस एकच राहिला तरी नाव तेच. खासबागेतल्या पंचाला कोणी विचारत नाही, बाकीचे चार कुठायत. पंचनाम्यात अर्धा शब्द संस्कृत आणि ‘नामा’ फारसी, म्हणजे कागद, लेख. पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती. पाचवी दिसत नाही तरी नाव पंचगंगाच, हे मांडेल्सलोच्या चार जिनसांना नाकारण्याआधी आठवावं. नाव एकदा बसलं की मोजदाद कोणी करत नाही. म्हणूनच मी तिसऱ्या गेजावर शब्द बाद केला नाही.

या पंचाचे खरे इंग्रजी नातेवाईक शोधायचे तर आवाज सारखा असलेले शब्द धरू नका. आवाज नियमानं बदललेले शब्द धरा. आपला शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ इंग्रजीच्या मूळच्या शब्दांत ‘फ’ होतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. त्याच नियमानं पंच आणि फाइव्ह. ग्रीकमध्ये ‘पेंटे’, त्यावरून पेंटॅगॉन. फारसीत ‘पंज’, त्यावरून पंजाब, आणि आपण तालमीत लढवतो तो पंजा. थोडक्यात, दिसायला जुळा असलेला ठोशाचा पंच परका निघाला आणि ओळख न लागणारा फाइव्ह सख्खा. याचा सापळा उलटाही लागतो. ‘क्विंटल’ बघून लॅटिन ‘क्विंक्वे’, म्हणजे पाच, आठवतं. पण क्विंटल अरबी ‘किंतार’वरून आला आणि त्याचं मूळ शंभर या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे.

कार्ड कसं भरायचं

वही नको, सुटी कार्डं घ्या. नंतर गट हलवता येतात. एका खोडाला एक कार्ड. वर मूळ शब्द आणि त्याचा एकच गाभ्याचा अर्थ, एक-दोन शब्दांत: ‘टोचणं’. त्याखाली अर्थ कोणत्या क्रमानं फुटले ते शतकांसह. मग नातेवाईक. मग कोल्हापुरात ऐकलेलं एक खरं वाक्य, आहे तसं, “हाफ डे पडंल”सकट. कोपऱ्यात शिक्का: नक्की, बहुधा किंवा गोष्ट. पाठीमागं काही लिहू नका, परीक्षेच्या आदल्या रात्री उलटून बघायला वेळ नसतो.

एक इशारा. माथ्यावरचे आकडे वेगळे असले तरी अगदी तळाशी शब्द एकत्र येऊ शकतात. नदीकाठ या अर्थाचा ‘बँक’ स्कँडिनेव्हियाकडून आला आणि पैशांची ‘बँक’ इटलीतल्या सावकाराच्या बाकावरून. कोश दोन नोंदी करतो. तरी खाली खणत गेलं की दोन्ही एकाच जुन्या जर्मानिक शब्दापाशी पोचतात, त्याच शब्दाचं आणखी एक पोर म्हणजे आपला शाळेतला ‘बेंच’. तेव्हा आकडा वेगळा दिसला तर ‘वेगळ्या वाटेनं आले’ एवढंच म्हणा.

पंच हाताखालून गेला की पुढचा जॉब ‘डाय’चा घ्या, कारण डायशिवाय पंच चालत नाही. कागदावर तीन वाक्यं आधीच मिळतील: प्रेसखालची डाय, सलूनमध्ये केसांना लावतात तो डाय, आणि मरणं. एकाचं स्पेलिंग वेगळं आहे, तिथून सुरुवात करा. मरण्याच्या डायला उत्तरेकडच्या खलाशांच्या भाषेत शोधा. रंगाचा डाय जुन्या इंग्रजीतच सापडेल. आणि आमच्या डायसाठी जुगारात टाकायच्या फाशापाशी जा. फाशाला इंग्रजीत काय म्हणतात ते एकवचनात लिहिलंत की निम्मं काम झालं.